अपोलोनिया मावशीची गहाण पडलेली जीभ

माझ्या मावशीला, अपोलोनियाला, माणसं आवडत नसत असं म्हणणं बरोबर नाही. आवडायला किंवा नावडायला माणूस आधी खिजगणतीत असावा लागतो, आणि तिच्या खिजगणतीत फार थोडी माणसं होती.

ही नजर तिला नोकरीनं दिली. सामुदायिक शेती होती तेव्हा मावशी आमच्या पशिले गावच्या दूध केंद्रावर बसायची. सकाळी माणसं कॅन घेऊन रांग लावत. मावशी झाकण उघडून आधी दुधाकडे बघे, मग दूध आणणाऱ्याच्या तोंडाकडे. पाणी घातलेलं असलं की ते तिला दुधाच्या आधी तोंडावर दिसे. ‘यंदा विहिरीला बरं पाणी आहे हो तुमच्या,’ एवढंच म्हणे आणि पुढच्याला हाक मारे. तो माणूस पुढे आठवडाभर रस्त्याच्या कडेकडेनं चालायचा. मग ती शेती मोडली, केंद्राच्या इमारतीत कुणी ट्रॅक्टरचे टायर ठेवायला लागलं, रशियन गेले, पैसे बदलले. मावशीची नजर तेवढी जागच्या जागी राहिली.

नवरा होता. मशरूम शोधायला रानात गेला आणि पावसात भिजून न्युमोनियानं गेला. त्याचा विषय निघाला की मावशी म्हणे, ‘तो मेला त्या वर्षी.’ माश्यांबद्दल मात्र असं बोललेलं तिला खपत नसे. आमच्या लिथुआनियात गाय मरते, कुत्रं मरतं, घोडा मरतो. माणूस मात्र वारतो, आणि मधमाशी वारते. मुक्या जिवांत हा मान तिला एकटीलाच. मावशीनं या जुन्या रीतीत फक्त एवढी दुरुस्ती केली होती, की नवऱ्याला माणसांतून काढून गुरांत घातलं होतं.

माश्या तिच्या आईकडून आलेल्या. करड्या, बुटक्या, केसाळ, रागीट. मावशीसारख्याच, असं गावात कुणी म्हणत नसे, कारण म्हणण्याआधी ती कुठे उभी आहे हे बघावं लागे. कधीकाळी परसात पेट्यांची ओळ होती. दोन-तीन वाईट हिवाळ्यांनी ती कमी करत आणली आणि या गोष्टीच्या उन्हाळ्यात एकच पेटी उरली होती, हिरवी, रंगाचे पोपडे निघालेली. तिच्यातली राणी नवी आणि उशिरा घातलेली, त्यामुळे माश्या थोड्या. ती पेटी गेली असती तर मावशीच्या आईच्या माश्या संपल्या असत्या. तशा करड्या माश्या आमच्या गावात दुसऱ्या कुणाकडे राहिल्या नव्हत्या, आणि विकत आणलेली माशी मावशीच्या मते माशीच नव्हे. ‘विकत आणतात ते खिळे,’ ती म्हणे.

आता झेनोनास. मावशीच्या परसाला लायलॅकचं कुंपण, आणि त्याच्या पलीकडे तो. कौनासला एका कारखान्यात कामगारांना सुरक्षेचे नियम शिकवायचा. तिथे त्याला एकदाही अपघात झाला नाही, कारण त्यानं कधी कशाला हात लावला नाही. निवृत्त झाल्यावर बायकोच्या माहेरच्या घरात येऊन राहिला आणि मधमाश्यांवरची पुस्तकं वाचू लागला. पिवळ्या जातीच्या राण्या त्यानं परदेशातून डाकेनं मागवल्या. दहा पेट्या घेतल्या आणि प्रत्येकीला निराळा रंग दिला. त्या उघडायला जाताना तो पायापासून डोक्यापर्यंत असा पांढराशुभ्र पोशाख घाली, की गल्लीतल्या कुणालाही वाटावं, आज हा चंद्रावर निघाला. गावात मधपाळ मंडळ होतं. त्याचा तो अध्यक्ष झाला. निवडणुकीचा प्रश्न आला नाही. अध्यक्ष व्हायची इच्छा असलेला मंडळात तो एकटाच होता.

मावशीला देवानं झेनोनास दिला तो तिच्या म्हातारपणाची सोय म्हणूनच. सकाळी भाकरी आणायला ती दनूतेच्या दुकानात जायची. दुकानाबाहेरच्या बाकावर गावातली रिकामी माणसं आधीच बसलेली असत. मावशी पिशवी मांडीवर ठेवून बसे आणि सगळे गप्प होत.

‘काल अध्यक्षांनी पेटी उघडली,’ मावशी म्हणे.

‘मग?’

‘बंद केली.’

बाक हसून हसून डुलत असे. एकदा कुणीतरी उगाच झेनोनासची बाजू घेतली: ‘काही म्हण अपोलोनिया, पण त्याला माश्या चावत नाहीत हो.’ मावशी म्हणाली, ‘कशा चावतील? चावली की माशी वारते. एवढ्यासाठी कोण जीव देईल?’ हे वाक्य शेजारच्या गावापर्यंत गेलं आणि तिथल्या एका लग्नात ऐकायला मिळालं.

तोंडावर मात्र ती झेनोनासशी फार अदबीनं बोले. ‘अहो अध्यक्ष’, ‘आपण’, ‘आपलं म्हणणं’. इतका आदर कुणी माझा केला असता तर मला रडू आलं असतं. झेनोनासला तो खरा वाटे.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये पावसानं तोंड दाखवलं नाही. बकव्हीटचा फुलोरा संपला होता. हेदरची झुडपं फुलली, रान जांभळं झालं, पण त्या फुलांत मध नव्हता. कागदाची फुलं असावीत तसं. माश्या सकाळी जात आणि रिकाम्या परत येत. रिकामी माशी आणि रिकामा माणूस सारखेच, दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय याचा वास घेत हिंडतात. अशा दिवसांत मधाचा थेंबही बाहेर सांडू देत नाहीत, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही माहीत असतं. झेनोनासनं नेमका तेव्हा मध काढला आणि पोळ्यांच्या रिकाम्या केलेल्या चिकट चौकटी अंगणात गवतावर मांडल्या. ‘माश्याच चाटूनपुसून साफ करतील,’ तो बायकोला म्हणाला, ‘पुस्तकात आहे.’

पुस्तकात असेलही. पुढच्या पानावर काय होतं ते त्यानं वाचलं नसावं. दुपारपर्यंत चौकटी साफ झाल्या आणि त्याच्या पिवळ्या माश्यांना फुकटची चटक लागली.

मी शनिवारी मावशीच्या शेडचं छप्पर नीट करायला गेलो, तर ती परसात ओली चादर घेऊन उभी. हिरव्या पेटीभोवती पिवळ्या माश्या चोरासारख्या, पाय खाली लोंबते ठेवून, डावी-उजवीकडे झुलत होत्या. सरळ दारातून येतो तो घरचा. चोर फटी हुंगतो. पेटीच्या फळीवर मेणाचा भुगा पडला होता, म्हणजे आत झाकणं फोडून मध न्यायला सुरुवात झाली होती. दारात करड्या माश्या एकेका पिवळीला धरून लोळत होत्या. आवाजही वेगळा होता, नेहमीची गुणगुण नव्हे; वरच्या पट्टीतला, जत्रेत भांडण लागल्यासारखा.

‘बघतोस काय,’ मावशी म्हणाली, ‘दार लहान कर.’

दारात मी लाकडाची पट्टी ठोकली, एका वेळी एकच माशी जाईल एवढीच फट ठेवून. मावशीनं चादर पेटीवर अशी टाकली की कडा जमिनीला टेकतील. मागच्या फटींत ओलं शेवाळ कोंबलं. अर्धा तास बरं चाललं. मग चादर वाळली, आणि पिवळ्यांनी तिच्याखालून वाट काढली.

कुंपणापलीकडून पांढरा पोशाख दिसला.

‘लूट चाललीय वाटतं, अपोलोनियाबाई?’

‘आपल्याच माश्या आहेत, अहो अध्यक्ष.’

‘तसं सिद्ध कसं करणार?’

मावशी घरात गेली आणि पिठाची चाळणी घेऊन आली. हिरव्या पेटीतून पोट भरून बाहेर पडणाऱ्या माश्यांवर तिनं पीठ चाळलं. पांढऱ्या माश्या कुंपणावरून उडाल्या आणि सरळ झेनोनासच्या निळ्या पेटीत शिरल्या. एकेक, निवांत, बँकेत जावं तशा. तिघंही बघत होतो. मला वाटलं आता हा काहीतरी कारण काढेल, वारा म्हणेल, योगायोग म्हणेल.

‘ह्या माझ्याच,’ झेनोनास म्हणाला. त्याच्या आवाजात लाज शोधून सापडली नसती. ‘निळीतली राणी फार तडफदार आहे. बघा ना, काय शिस्त! मी तुम्हाला तेव्हाच म्हणालो होतो, त्या जुन्या करड्या माश्या ठेवू नका. दुबळी पेटी ठेवायची आणि लूट झाली की रडायचं. बळी तो कान पिळी, हा निसर्गाचा नियम आहे. उद्या मेल्या की पेटी जाळून टाका, रोग पसरतो.’

‘वारल्या,’ मावशी म्हणाली.

‘काय?’

‘माश्या वारतात, अहो अध्यक्ष. मरतात ते दुसरे.’

त्या रात्री पेटी तळघरात ठेवली, दोन दिवस ठेवली. बाहेर काढली त्या सकाळी पिवळ्या आधीच रांगेत. मग मला अक्कल सुचली. म्हटलं, मावशी, पेटी आमच्या आईच्या परसात नेऊ, गावाच्या दुसऱ्या टोकाला. नेली. तिथल्या कुणाच्यातरी माश्यांना संध्याकाळच्या आत पत्ता लागला. दुबळ्या पेटीचा वास वाऱ्याबरोबर जातो. शिवाय मावशीच्या बाहेर गेलेल्या माश्या सवयीनं जुन्या जागी परतल्या आणि पेटी ठेवायच्या रिकाम्या ओंडक्यावर घोंगावत बसल्या. त्यातल्या बऱ्याच तिथेच वारल्या. पेटी परत आणली तेव्हा ती उचलायला सोपी झाली होती, आणि ही चांगली गोष्ट नव्हती.

‘जिल्ह्याच्या शाळेत गेलास ना?’ मावशीनं मला विचारलं.

‘गेलो.’

‘तिथे खिडक्या होत्या का? का नुसतंच आत बसवत होते?’

मी छपरावर चढलो.

उपाय तसा होता. तो सगळ्या गावाला माहीत होता आणि म्हणूनच कुणी बोलत नव्हतं. शेवटी दनूतेला राहवलं नाही. ती दुकानदारीण, गप्प बसणं तिच्या धंद्यात बसत नाही.

‘पेट्यांची अदलाबदल का नाही करत, अपोलोनिया?’ ती भाकरी बांधता बांधता म्हणाली. ‘लुटणारी पेटी उचलायची आणि लुटलेलीच्या जागी ठेवायची, लुटलेली तिकडे. पिवळ्या लूट घेऊन सवयीनं आपल्या जुन्या जागी परत जातील, आणि तिथे असेल तुझी हिरवी. चोर माल घेऊन तुझ्याच घरात येतील आणि तिथेच राहतील. माझी आजी करायची.’

मावशीनं पिशवी उचलली.

‘माझी आईही करायची,’ ती म्हणाली. ‘बिचुलिसबरोबर.’

हा शब्द सांगायला हवा. मधमाशीच्या नावावरूनच तो निघाला आहे. माझ्या पेटीतलं मोहोळ उडून तुमच्या परसात बसलं आणि तुम्ही ते ठेवून घेतलंत, की आपण बिचुलिस. लग्नानं व्याही होतात, तसे माश्यांनी बिचुलिस. फक्त व्याह्यांच्यात मानपान आणि रुसवे असतात, आणि बिचुलिसांत ते चालत नाहीत. मध काढला की पहिली ताटली त्याच्या घरी जाते. लग्नाला, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, मयताला तो हवाच. एकमेकांना अरे-तुरे करायचं. आणि मुख्य म्हणजे, तोंडावर असो की मागे, बिचुलिसबद्दल वाईट शब्द बोलायचा नाही. बोललात तर माश्या राहत नाहीत. खरं-खोटं माश्या जाणोत, पण आमच्याकडे याच भीतीनं कितीतरी घरं भांडण न करता जगली आहेत.

झेनोनासला बिचुलिस एकही नव्हता. तो राण्यांचे पंख कातरायचा, त्यामुळे त्याच्याकडून मोहोळ कधी कुणाकडे गेलं नाही, आणि त्याच्याकडे यावं असं कुणाच्या मोहोळाला वाटलं नाही. मंडळाच्या सभेत मात्र तो भाषणाची सुरुवात ‘प्रिय बिचुलिसांनो’ अशी करायचा. सभा संपली की मावशी म्हणे, ‘अनाथाश्रमात कुणी “प्रिय आईबाबा” असं पत्र वाचल्यासारखं वाटतं.’

तर प्रश्न असा. पेट्या बदलल्या की पिवळ्या माश्या मावशीच्या पेटीत राहायला येणार. माश्या एका घरातून दुसऱ्या घरात राहायला गेल्या म्हणजे संपलं, कुणी काही म्हणो. अपोलोनिया आणि झेनोनास बिचुलिस होणार, आणि मावशीची जीभ जन्मभरासाठी गहाण पडणार. ‘अहो अध्यक्ष’ गेलं. बाक गेला. सकाळच्या भाकरीबरोबरचं जे काही होतं ते सगळं गेलं. एका तागडीत आईच्या माश्या, दुसरीत झेनोनास.

मावशीनं दोन दिवस काढले. चादर ओली करायची, वाळली की पुन्हा ओली करायची. त्या काळात तिनं झेनोनासबद्दल जे जे काही म्हणून घेतलं ते ऐकायला लोक सायकलवरून आले. कोठार रिकामं करावं तसं ती बोलत होती. त्याच्या चालण्यावर, त्याच्या कपाळावर, माश्या शांत करायच्या त्याच्या धुराच्या डब्यातून धुराऐवजी विनंती बाहेर पडते यावर. दनूतेनं दुकान अर्धा तास उशिरा बंद केलं.

तिसऱ्या संध्याकाळी मावशीनं पेटीला कान लावला आणि बोटानं टकटक केलं. निरोगी पेटी टकटकीला फुस्स करून लगेच गप्प होते. ही बराच वेळ, बारीक, रडल्यासारखी वाजत राहिली.

मावशी आत गेली, तोंड धुतलं आणि चर्चला जायचा रुमाल डोक्याला बांधला.

‘चल,’ मला म्हणाली. ‘पेटी उचलायला दोन माणसं लागतील, आणि त्यातला तो एक नसणार.’

कुंपणातल्या भगदाडातून न जाता ती रस्त्यावरून, फाटकातून, पुढच्या दारानं गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. झेनोनासनं दार उघडलं आणि तो आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे बघत राहिला. कुणीतरी वारलं असावं असं त्याला वाटलं.

‘बसा, बसा अपोलोनियाबाई. चहा?’

‘पेट्या बदलायच्या,’ मावशी उभ्यानंच म्हणाली. ‘आपली निळी माझ्याकडे, माझी हिरवी आपल्याकडे.’

‘हं. ती पद्धत. पुस्तकात आहे.’ झेनोनास टेकून बसला. मी माणसाच्या चेहऱ्यावर इतका आनंद इतक्या सावकाश पसरताना पाहिलेला नाही; तव्यावर लोणी पसरतं तसा. ‘पण मग याला जुनी माणसं काहीतरी म्हणतात ना? माश्या मिसळल्या की?’

‘आपण असलं मानत नाही, अहो अध्यक्ष.’

‘मी नाही मानत. विज्ञानात याला आधार नाही.’ त्यानं साखरेच्या भांड्याचं झाकण उघडलं, लावलं. ‘पण तुम्ही मानता.’

मावशीनं रुमालाची गाठ घट्ट केली.

‘म्हणा की मग,’ झेनोनास म्हणाला.

मला तेव्हा त्याची कीव यायला हवी होती, असं आई म्हणते. साठी उलटलेला माणूस, दहा पेट्या, एक मंडळ, आणि एका शब्दासाठी म्हातारीला दारात उभं करून ठेवतो. मला कीव नाही आली. मला एवढंच वाटलं, की ह्यानं भीकसुद्धा खुर्चीत बसून मागितली.

‘बिचुलिस,’ मावशी म्हणाली. दात काढताना माणूस जितकं तोंड उघडतो तितकंच तिनं उघडलं.

‘ऐकू नाही आलं.’

‘झेनोनास, तू माझा बिचुलिस. आता उठ आणि निळीचं दार बंद कर, उजाडायच्या आत हलवायचीय.’

तो ‘तू’ त्याला जेवणापेक्षा गोड लागला असणार. धडपडत उठला तो टेबलाला गुडघा आपटला, कारखान्यात कधी न झालेला अपघात तिथे झाला.

पहाटे मी आणि दनूतेचा नवरा, दोघांनी फळीवर घालून पेट्या हलवल्या. भगदाडात निळी आणि हिरवी एकमेकींशेजारून गेल्या. झेनोनास पूर्ण पोशाखात ‘सावकाश, सावकाश’ म्हणत मागे चालत होता. निळी इतकी जड होती की दनूतेचा नवरा म्हणाला, ‘यात तुझाच मध आहे, अपोलोनिया, माझी पाठ सांगतेय.’

सूर्य वर आला तशा निळीतल्या माश्या मावशीच्या परसातून निघाल्या, चक्कर मारून आपल्या जुन्या जागी, म्हणजे झेनोनासकडे परतल्या, आणि तिथे त्यांना हिरवी पेटी दिसली. पाटी तीच, घर दुसरं. दारापाशी थोडा गोंधळ झाला. मावशी त्या पेटीसमोर झेनोनासच्या अंगणात बादली उलटी घालून बसली होती. भीती एकच होती: आत शिरलेल्या पिवळ्यांनी करडी राणी मारली तर सगळं फुकट. पण चोर भरल्या पोटानं आला तर त्याला कुणी अडवत नाही. दुपारी हिरवीच्या दारात पिवळ्या आणि करड्या शेजारी शेजारी पंख हलवत उभ्या होत्या आणि बाहेरच्या एका उपऱ्या माशीला दोघींनी मिळून हाकललं. लूट थांबली.

आठवड्यानं मावशीनं हिरवी उघडली. मी धूर धरला. झेनोनास मागे उभा राहून चौकट कशी धरावी ते सांगत होता. मावशीनं चौकट उन्हात तिरपी केली, बराच वेळ बघितलं. खोल्यांच्या तळाशी बारीक पांढरी अंडी होती. राणी जिवंत होती.

‘अंडी आहेत,’ झेनोनास म्हणाला. ‘मी म्हणालो होतो ना, की निळी तडफदार आहे! तुझी पेटी आता माझ्या माश्यांवर उभी आहे, अपोलोनिया.’

बाकावरची माणसं कुंपणापाशी आली होती. सगळे मावशीच्या तोंडाकडे बघू लागले. मावशीनं चौकट परत ठेवली, झाकण लावलं.

‘हो, झेनोनास,’ ती म्हणाली. ‘तुझ्या फार मेहनती आहेत.’

लोक खाली मान घालून घरी गेले.

पुढचं मात्र कुणी गृहीत धरलं नव्हतं. निळी आता मावशीच्या परसात होती आणि तिच्या उडत्या माश्या सगळ्या हिरवीत गेलेल्या. राहिल्या होत्या त्या पोरसवदा माश्या, ज्यांनी कधी दार राखलं नव्हतं, आणि पेटीच्या पोटात भरपूर मध. पाऊस अजून नव्हताच. झेनोनासच्या उरलेल्या नऊ पेट्यांनी कुंपणापलीकडे एक मऊ, भरलेलं, बिनपहाऱ्याचं घर बघितलं. रविवारी दुपारी पिवळ्या पाय लोंबते ठेवून निळीभोवती झुलू लागल्या. झेनोनासच्या माश्या झेनोनासचीच पेटी लुटायला निघाल्या होत्या.

आणि बिचुलिसची पेटी आपल्या परसात लुटली जात असेल तर ती राखावी लागते. हेही जुनंच आहे.

मी गेलो तेव्हा मावशी ओली चादर घेऊन निळीपाशी उभी होती. ज्या माश्यांचं तोंड बघायचं नव्हतं त्यांच्या दारात पट्टी ठोकत होती, फटींत शेवाळ भरत होती, वाकून वाकून पाणी शिंपडत होती. झेनोनास पांढऱ्या पोशाखात कुंपणापलीकडे, दोन्ही हात मागे.

‘चादर आणखी खाली घे, अपोलोनिया. कडा टेकली पाहिजे. मागच्या वेळी तू तिथेच चुकलीस. पुस्तकात स्पष्ट—’

मावशीच्या मानेवरची शीर फुगली. तिनं चादर खाली घेतली. गल्लीतली माणसं पुन्हा जमली होती. फाशी बघायला जमतात तशी, दुःखी आणि उत्सुक.

‘आणि नऊ पेट्यांना दोष देऊ नकोस,’ झेनोनास म्हणाला. ‘दुबळी पेटी ठेवली की—’

मावशी माझ्याकडे वळली.

‘तू बोल,’ ती हळू म्हणाली.

‘मी?’

‘तुला कोणी बांधलंय? तू काही त्याचा बिचुलिस नाहीस. बोल!’

मी घसा साफ केला. सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. ‘अहो झेनोनास,’ मी म्हणालो, ‘तुम्ही... तुम्ही अगदी मूर्ख आहात.’

कुणीच हसलं नाही. मावशीनं डोळे मिटले.

‘ही काय शिवी झाली?’ ती म्हणाली. ‘मूर्ख तर सगळेच असतात, तू आहेस, दनूते आहे. त्याचं असं काहीतरी काढ. डोळे आहेत ना? तो पोशाख बघ. एवढ्या वर्षांत त्यावर धुराचा एक डाग नाही, मेणाचा एक ठिपका नाही. असे कपडे कुणाचे राहतात? लग्नात एकदा घातलेले किंवा—’

ती थांबली. गल्ली पुढे झुकली होती. झेनोनासनं डोक्यावरची जाळी वर केली होती आणि तोंड उघडं टाकून ऐकत होता.

‘मी माझ्या बिचुलिसबद्दल काही बोलत नाहीये,’ मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. ‘मी पोराला शिकवतेय.’

‘किंवा काय?’ झेनोनासनं विचारलं. ‘लग्नात घातलेले किंवा काय, अपोलोनिया? बोल की. मला काही वाईट वाटणार नाही. पूर्वी तू बाकावर माझ्याबद्दल... म्हणजे मला सगळं कळायचं. दनूते सांगायची.’

मावशीनं ओठ घट्ट मिटले. चादर पिळली. पाण्याची धार तिच्या बुटांवर पडली. मग चादर झटकून तिनं ती निळ्या पेटीवर नीट, चारी बाजूंनी जमिनीला टेकवून पसरली, आणि रिकामी बादली माझ्या हातात दिली.

‘विहिरीवर जा,’ ती म्हणाली. ‘आणि येताना जरा विचार करून ये.’